नजर माझ्या कानावरून जायची

आत्याबाई, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत आहे. कोरा कागद वाया गेलेला तुम्हाला खपला नसता. धाकटी सून म्हणून या घरात आले तेव्हापासून एक गोष्ट मनात सलत होती. तुम्ही माझ्याशी बोलायच्या, पण माझ्याकडं बघायच्या न्हाई. नजर माझ्या कानावरून मागच्या धान्याच्या कणगीकडं जायची. वाटायचं, मी यांना पसंत न्हाई. तांदूळ निवडायला माझ्याच पुढं सरकवायच्या, तेही मला त्यातलंच वाटायचं. एकदा मी चुलीपुढं बसलेय, आणि तुम्ही दाराकडं तोंड करून म्हणता, "ऊठ पोरी, भाकरी मी टाकते. कवापासून तोंडाला पदर लावून राहिलीस. दिवस गेले काय?" मलाच अजून खात्री नव्हती! दाराकडं बघणाऱ्या बाईला माझा पदर कसा दिसला, हे काही डोक्यात आलं न्हाई. जवळा बाजार गावाहून आलेल्या फोटोवाल्यानं "आजी, इकडं बघा" म्हणून किती विनवलं. "तुझ्याकडंच बघून राहिले की रे! आता काय डोळे काढून हातात देऊ?" तुम्ही खेकसलात, आणि आम्ही सगळे हसलो.

तेव्हा माझ्या पोटात होती ती तुमची नात आता डोळ्याच्या पडद्यावर संशोधन करते. पडद्यावरून मेंदूपर्यंत चित्र कसं पोचतं, याचं. परवा घरी आली तर तिनं लॅपटॉपवर एका बाईचा फोटो दाखवला. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. "काही म्हाताऱ्या माणसांच्या पडद्याचा मधलाच भाग जातो, आई. जिकडं बघावं तिकडं हा डाग पुढं येतो. कडेचं मात्र दिसतं. चालता-फिरता येतं, म्हणून घरच्यांना कळतही न्हाई."

"मग माणसाचं तोंड बघायचं असलं तर?"

"त्याच्या बाजूला बघायचं. मेंदू शिकतो हळूहळू. काहून गं विचारतेस?"

"दूध उतू जाईल," म्हणून मी उठले. गॅसवर दूध कुठं होतं! देवघरात जाऊन बसले. तिथं आठवलं, देवापुढं हात जोडायच्या तेव्हाही तुमचं तोंड कोनाड्याकडं असायचं. म्हणजे देवाला बघायच्या, तसंच मला बघायच्या.

पोरीला यातलं काही बोलले न्हाई. हा कागदही फडताळात डब्यांखाली अंथरीन. पण आज सकाळी तुमच्या त्या फोटोपुढं बराबर समोर उभी राहिले. नजर माझ्या कानावरून गेली, अगदी तशीच. आणि खरं सांगते, मी झटकन डोक्यावरचा पदर सारखा केला.