रंगमंचाला भिंत

८ जानेवारी, गुरुवार
सर्व्हेचा माणूस अखेर आला. तीनदा तारखा देऊन. टेप लावून सगळी जागा मोजली, चहा घेतला नाही. (वाईट लक्षण.) शाळेची जागा सरकारची, आमच्या मराठी मंडळाकडे लीजवर, मुदत मार्चअखेर संपते. नूतनीकरणाच्या कागदावर त्याने दोन खुणा केल्या. एक, रस्त्याकडेच्या पट्टीवरची मुनिराजूची नर्सरी. दोन, मैदानाच्या टोकाचा रंगमंच. "जागा शाळेसाठी दिली, मेडम. शाळेबाहेरची एक गोष्ट परवानगीने चालवून घेऊ. दोन नाही. एक काढा."

नर्सरीच्या भाड्यावर शिक्षकांचे पगार होतात. रंगमंचावर वर्षात दोन नाटकं होतात, त्यातलं एक पडतं. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं आहेच काय? घरी ह्यांना तसं म्हटलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दांडेकरांना सांगितलंस?"

नाही सांगितलं.

१० जानेवारी, शनिवार
सांगितलं. दांडेकर आमचे अध्यक्ष, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इथे कन्नड मुलखात, येलहंक्यात, मराठी माणसाला स्टेज नाही म्हणून कारखान्यातल्या मित्रांना घेऊन हा रंगमंच त्यांनी उभा केला. सिमेंटवर पाणीसुद्धा स्वतः मारायचे. शाळेला तेव्हा धड संडास नव्हते, पण विंगा होत्या. आम्ही असेच.

फोनवर आधी मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग, "सुनंदा, झाडं कुठेही लावता येतात." फोन ठेवला.

पगारांचं बोलायचं राहूनच गेलं. चिटणीस मी, आणि माझंच बोलणं अर्ध्यावर.

१८ जानेवारी, रविवार
मीटिंग. आधी तिळगूळ वाटला, सगळ्यांनी गोड बोलायचं कबूल केलं. तासाभरात एकमेकांवर खेकसत होते.

कमिटीतला निखिल इलेक्ट्रॉनिक सिटीहून फोनवर. पुण्याचा, हुशार पोरगा, पण उपाय आधी सांगतो आणि प्रश्न नंतर विचारतो. "काकू, नर्सरी लो यील्डच आहे. ती जागा ईव्ही चार्जिंगला देऊ, डबल पैसे."
"अरे, तीही शाळेबाहेरचीच एक गोष्ट झाली. एकच ठेवता येते."
"ओके, ओके. मग स्टेजवर पॉडकास्ट स्टुडिओ?"
डोकं फिरलं माझं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आता शाळेत मराठी मुलं आहेत तरी कुठे?" खरं आहे. दोन आहेत, लातूरच्या वॉचमनची. बाकीची रायचूरच्या गवंड्यांची, कॅबवाल्यांची, भांडी घासणाऱ्या बायकांची. ती सातवीपर्यंत इथे शिकतात, कारण आसपास त्यांच्या आईबापांना परवडेल अशी दुसरी शाळा नाही. मी हे सगळं बोलले. आवाज चढला माझा, नंतर लाज वाटली. नंतर लाज वाटल्याचाही राग आला.

हात वर झाले. रंगमंच राहणार, नर्सरी जाणार. मुनिराजूला सांगायचं काम चिटणिसाचं. अर्थात.

२० जानेवारी, मंगळवार
मुनिराजू झेंडूच्या कुंड्या ओळीत मांडत होता. सांगितलं. हातातली कुंडी खाली ठेवली त्याने. "अक्का, इष्टु गिडा एल्लिगे तगोंडु होगली?" इतकी रोपं कुठे नेऊ.
"नोडोण," म्हटलं. बघू. पस्तीस वर्षं या गावात काढून कन्नडमधला हाच शब्द मला उत्तम येतो.

आत शशिकला मिसना सांगितलं. त्या हेडमिस्ट्रेस, कमी बोलतात. एवढंच म्हणाल्या, "एप्रिलपासून पगार नाही म्हटल्यावर दोघी तरी जातील, मेडम. मग मी तिसरी-चौथी कोणाला देऊ?"
पुन्हा नोडोण. जीभ हासडावीशी वाटली.

२७ जानेवारी, मंगळवार
सर्व्हेवाला न सांगता हजर. कालच्या झेंडावंदनाच्या पताका अजून लोंबत होत्या. तिसरी-चौथीची खोली गळते म्हणून तो वर्ग दसऱ्यापासून रंगमंचावर बसतो, पडदे बाजूला सारून, फळा खुर्चीवर टेकवून. तो बघत उभा राहिला. मुलं पाढे म्हणत होती.
"इदु क्लासरूम आ?" हा वर्ग आहे का?
शशिकला मिस ताडकन म्हणाल्या, "हौदु सार." हो सर.
म्हणाला, भिंत घाला, फळा लावा, दार बसवा, मी वर्गखोली म्हणून दाखवतो. मग शाळेबाहेरची गोष्ट एकच उरते. नर्सरी राहील. मात्र अर्ज शुक्रवार, ६ तारखेपर्यंत, अध्यक्ष आणि चिटणीस दोघांच्या सहीने.
आज चहा घेतला त्याने. दोन कप.

इतकं सोपं होतं! आनंदाने मिसचा हात धरला. मग आठवलं, सही दांडेकरांची हवी.

३१ जानेवारी, शनिवार
दांडेकरांकडे गेले. अर्ज पुढे ठेवला. चष्मा लावून वाचला, चष्मा काढला.
"समोरून भिंत? मग तो कसला रंगमंच?"
"वर्ग, दांडेकर."
"तू स्वतः उभी राहिलीस तिथे. पहिल्या अंकात घसा बसला होता तुझा. विंगेतून गूळपाणी कोणी दिलं?"
यांनीच दिलं होतं. म्हटलं, मलाही वाईट वाटतंय. वाटतंयच. ती भिंत माझ्याही नाटकांवर उभी राहणार आहे. पण नाटकाला हॉल भाड्याने मिळतो हो या शहरात, यशवंतपूरला मिळतो, कुठेही मिळतो. त्या पोरांना वर्ग कुठे मिळणार?
"विचार करतो."
माहीत आहे यांचा विचार. नेपथ्यात खिडकी डावीकडे की उजवीकडे, याचा विचार एकदा तीन महिने चालला होता.

२ फेब्रुवारी, सोमवार
फोन उचलत नाहीत. निखिलचा मेसेज: काकू, ई-साइन करून घेऊ? अरे बाबा, माणूस फोन उचलत नाही, ई-साइन कुठून करणार!
मुनिराजूने निम्म्या कुंड्या टेम्पोत भरल्या. थांब म्हटलं, अजून काही ठरलं नाही. "सरी अक्का," बरं म्हणाला, आणि भरत राहिला. पट्टीचा तो भाग उघडा पडलाय. बघवत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी शाळेत गेले तर दांडेकर मैदानात. काठी टेकत, इस्त्रीचा झब्बा. रंगमंचावर चौथीला शशिकला मिस शिकवत होत्या. हे मागे, जिथे आमच्या प्रयोगांना शेवटच्या खुर्च्या असत तिथे, कान देऊन उभे. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता ओरडणार.

ते हळूहळू पायऱ्या चढले. मुलं उठली, एका सुरात गुड मॉर्निंग सार. दांडेकर मिसना म्हणाले, "मागे ऐकू येत नाही." मग फळ्यापासून जरा डावीकडे, अगदी पुढे, एका जागी काठी आपटली. "इल्ली निंतकोळ्ळी, मिस." इथे उभ्या राहा. मिस उभ्या राहिल्या, वाक्य म्हणाल्या. शेवटच्या रांगेतली मुलगी हसली. खरंच आवाज स्वच्छ गेला. मला कुणी कधी सांगितली नव्हती ती जागा. इतकी वर्षं हा माणूस तिथेच उभा राहून बोलत होता आणि आम्ही त्याला मोठा नट समजत होतो!

खाली आले. डोळे भरलेले. मी अर्ज काढला, पेन दिलं.
"समोर भिंत आली की आवाज बदलेल. मग जागा पुन्हा शोधावी लागेल."
"शोधू या. तुम्हीच शोधून द्या मिसना."
अर्ज वाचला. पुन्हा वाचला. घडी घालून मला परत दिला. "शुक्रवार आहे ना? परवा बघू."

सही नाही. माझं पेन मात्र खिशात घालून गेले.