अ‍ॅक्रिलिकचा स्पीड

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची ती ऐट आठवली की माझं डोकं फिरतं. आता ऐरोलीत पाट्या कोरायचं माझं स्वतःचं लेझरचं मशीन आहे. नवा माल आला की आधी टाकाऊ तुकड्यावर चौकोन काढते, प्रत्येकाला वेगळा स्पीड, वेगळी पॉवर. नाही जमलं तर गिऱ्हाइकाला सरळ सांगते, मला माहीत नाही, उद्या या. एवढं वाक्य तुमच्या तोंडून जन्मात निघालं नाही.

तेव्हा वाशीत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि तुर्भ्याच्या गाळ्यात तुम्ही दारांवरच्या पाट्या कोरायचात. मी चोवीस वर्षांची घोडी, नुसती अक्षरांत रंग भरायची. मशीनचा स्पीड लावायची वेळ आली की मला चहा टाकायला पिटाळायचात, जसं काही मोठं गुपितच. पितळ तुम्हाला येत होतं, कबूल. पण अ‍ॅक्रिलिकची पहिली ऑर्डर आली तेव्हा तुम्ही तापाने आडवे. स्पीड किती ठेवू विचारलं, तर म्हणालात, "पितळेचाच ठेव." सहा पाट्या वितळून कटरला चिकटल्या. मग गिऱ्हाइकासमोर काय बोललात? "पोरीच्या हातात मशीन दिलं, हीच माझी चूक." तुम्ही अ‍ॅक्रिलिकला कधी हातच लावला नव्हता. ते कबूल करण्यापेक्षा मुलीला मूर्ख ठरवणं सोपं वाटलं तुम्हाला. लाज कशी वाटली नाही हो?

त्यानंतर आठवडाभर मी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे घेऊन बसते. स्पीड उतरवते, कटर तापू नये म्हणून साबणाचं पाणी सोडते, एका दमात खोल न जाता दोनदा कोरते. शेवटी एका पाटीवर अक्षर स्वच्छ येतं. तुम्ही ती पाटी उचलून गिऱ्हाइकाला दाखवता आणि म्हणता, तीस वर्षांचा हात आहे. मी तिथेच उभी असते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही.

गिऱ्हाईक गेल्यावर मात्र हळूच विचारलंत, "स्पीड किती ठेवला होतास?" मी आकडा सांगितला. पुढची पाटी तुम्ही कोरलीत, ती वितळली. तिच्यामागची दुसरीही. बोटांची उघडझाप करून बघितलीत, मग म्हणालात, "हात गेला माझा." त्यानंतर मशीनला शिवला नाहीत. पितळेचं कामही माझ्याकडेच आलं, आणि आई म्हणाली, वयच झालं त्यांचं.

हे पत्र कुठे पाठवणार, खणात ठेवते. हात शाबूत होता तुमचा, बाबा. मी आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला होता.