साहेब वर गेलेत

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघे कसे आहेत? भाऊजींना म्हणावं, हिला जिने चढायला लावू नका. मी बरी आहे.

फ्लॅटचा ताबा मिळाला, राहायलाही आले. तू लिहितेस, विकून टाक आणि आमच्याकडे ये, एकटी सतराव्या मजल्यावर काय करणार. खरं आहे. दलालाकडे गिऱ्हाईकही तयार आहे, रविवारी त्याला हो की नाही ते सांगायचंय.

घर छान आहे. सरकत्या खिडक्या, ओट्याला पांढरा दगड. घर पाहावं बांधून म्हणतात, आम्ही पाहिलं ते हवेत. बुकिंग केलं तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. विक्रीवाल्या मुलीनं आभाळाकडे बोट करून सांगितलं, तुमचं स्वयंपाकघर तिथे. ह्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, मग आमच्या ओट्यावरून कबुतरं उडतायत त्यांचं भाडं कोण घेणार? ती बिचारी साहेबांना विचारायला आत गेली. ते आठवून मला हसू येत नाही. रडूही येत नाही. हे गेले त्या दिवसापासून आलेलंच नाही. लोक खंबीर म्हणतात. खरं तर मला काही वाटतच नाही ग.

आणखी एक आहे. भाऊजींना सांगू नकोस.

ताबा घ्यायला गेले तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं यादीत दोघांची नावं बघून विचारलं, "साहेब वर गेले का?" त्याला लिफ्टनं म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "हो. गेले."

खोटं कुठे बोलले? पण आता तो रोज विचारतो, साहेब खाली दिसत नाहीत? मी सांगते, वरच असतात. परवा त्यानं गाडीच्या काचेचं स्टिकर दिलं, साहेब उतरले की लावायला सांगा म्हणाला. मी घेतलं.

बाकी सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात आणि ह्यांचं नावही काढत नाहीत. हा एकटाच मोठ्यानं चौकशी करतो.

दलालाला मी नाही म्हणणार आहे. घाबरू नकोस, हे कुठे गेलेत ते मला माहीत आहे. पण घर विकायचं तर वॉचमनला खरं सांगावं लागेल, आणि मग ह्यांना पुन्हा एकदा पोचवून आल्यासारखं होईल. ते माझ्यानं होणार नाही.

तुम्हा दोघांना आम्हा दोघांचा नमस्कार.

सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही.

तुझी,
धाकटी