हाताची घडी आणि कोलाच्यांचा डबा

ती. लिब्बीताईस,

व्हर्जिलचा शिरसाष्टांग नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणतात? इथे नेब्रास्कात मार्च लागला तरी वारा हाडं गोठवतोय. माझं उत्तम चाललंय. (साखर थोडी वाढलीय, का, ते पुढे येईलच.) तू तिकडे जाऊन डेमोक्रॅट झालीस, ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. ऊन फार लागलं की माणसाचं असं होतं.

आमचा कट्टा रोज सकाळी सहाला त्याच कॅफेत भरतो. मालकीणबाईंनी टीव्ही चालू आणि आवाज बंद ठेवायचा नियम केलाय, कारण मागच्या निवडणुकीत माझ्या दोस्ताने, एमिलने, टीव्हीवर पाकाची बरणी फोडली होती. पण आवाज हवाय कुणाला? एकेचाळीस वर्षं मी गुरांचे लिलाव पुकारले. कोण कान खाजवतोय आणि कोण बोली लावतोय, हे मी शंभर पावलांवरून सांगतो. पुढाऱ्याने कोट काढून बाह्या दुमडल्या की समजावं, नवा कर येतोय. तळहात वर केले की कर आलेलाच आहे. ‘आमचं सरकार छोटं असेल’ म्हणताना ज्याचे हात रुंदावत जातात, त्याला मी मत देत नाही. एमिल म्हणतो, “व्हर्ज्या, तू देवाच्या दारातसुद्धा आधी त्याच्या भुवया बघशील!”

आता वर्डीनबाई. (सुतारकामाच्या दुकानवाल्या जॉर्जची बायको. जॉर्ज जाऊन चार वर्षं झाली, माझी रोझ जाऊन सहा.) दोन वर्षं झाली, त्या आमच्या टेबलावर येतात, माझ्या अगदी समोर, दारापाशी बसतात. राजकारणात माझ्याहून कडक. बोलतात छान, हसतात छान, पण हाताची घडी काही सुटत नाही. आता घडी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. दुकान बंद. म्हणून मी दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो. ताई, खरं सांगतो, फार जड गेलं.

परवा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये आमच्या रिपब्लिकन पक्षाचं वार्षिक जेवण होतं. बायकांनी केलेल्या पदार्थांचा लिलाव मीच पुकारतो, आणि आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहेच: डबा घेणाऱ्याने तो करणारीच्या शेजारी बसून खायचा. वर्डीनबाईंचे कोलाचे होते, तेच जर्दाळू भरलेले गोड पाव. पुकारणाऱ्याला बोली लावता येत नाही, म्हणून माझ्या वतीने बोली लावायला मी एमिलला पढवून ठेवलं होतं: गप्प बस, नुसता टोपीला हात लाव. पण झेंड्याला मान द्यायला त्या गाढवाने टोपी काढली आणि गाडीत ठेवून आला! मी पुकारतोय, तो आपलं टक्कल चाचपतोय, आणि तेवढ्यात विधिमंडळाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या क्लिफ ऑस्टरगार्ड यांनी भुवई खाजवली. माझा हातोडा आपोआप आपटला. एकेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय?

ते बिचारे उमेदवार, नाही कसं म्हणणार? जाऊन बसले वर्डीनबाईंशेजारी. मी व्यासपीठावरून त्यांच्या हावभावांचं वाचन सुरू केलं. खांदे बाईंकडे, बुटांची टोकं बाईंकडे. पुढचे तीन केक मी कुणाला विकले, देव जाणे. मग त्यांनी काहीतरी विचारलं, कोट काढला (मला वाटलं, कर!) आणि बाईंच्या खांद्यांवर घातला. आणि ताई, वर्डीनबाईंची घडी सुटली.

लिलाव संपल्यावर मी बाईंना कोपऱ्यात गाठून विचारलंच, की त्या गृहस्थाने अशी काय जादू केली? त्या म्हणाल्या, “त्यांनी विचारलं, ‘थंडी वाजतेय का?’ एवढंच. तुम्ही दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत?” मी म्हटलं, मग कॅफेत दारात कशाला बसता, बायकांचं टेबल हीटरपाशी आहे. तर त्या म्हणाल्या, “व्हर्जिल, दोन वर्षं मी त्या दारातल्या वाऱ्यात कुडकुडतेय, ती काय तुमच्या पक्षासाठी?”

उरलेले कोलाचे आम्ही दोघांनी संपवले. सध्या फार बरं चाललंय माझं.

तुझा धाकटा,
व्हर्जिल

ता. क. आता दारातल्या खुर्चीत मी बसतो, आणि हाताची घडी घालून बसतो. एमिल म्हणतो, मी काहीतरी लपवतोय.

ता. क. २ : आईची निळी लोकरी शाल तू नेलीस तेव्हा मी नको ते बोललो होतो, ते पोटात घाल आणि शाल टपालाने पाठव. शालीच्याच पेटीत आईची अंगठी असेल, तीही शालीत गुंडाळ. वर्डीनबाईंच्या बोटाचं माप मी नजरेनेच घेतलंय. (नको, थांब. या वेळी विचारून कळवतो.)