लागतं तेवढं गणित

बाई,

तुम्ही मला आणून दिलेल्या आलेखवहीवर किंमत छापलेली होती आणि ती काही फार नव्हती. पण तिचा खरा खर्च वेगळाच. वारणानगरात तसली वही मिळत नव्हती म्हणून तुम्ही रविवारी एसटीनं कोल्हापूर गाठलंत, जातानाही उभ्या, येतानाही उभ्या, आणि सोमवारी घसा बसला म्हणून सगळा तास फळ्यावर लिहूनच घेतलात. माझ्या वाट्याचा खर्च म्हणजे 'बाईंचा लाडका' हे नाव. ते बारावी संपेपर्यंत माझ्या अंगाला चिकटून राहिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगून काय व्हायचं आहे म्हणा. पण तुम्ही मला जे जे बोललात त्यातला एकही शब्द मी हरवलेला नाही. तुमचा आवाज बारीक, तरी मागच्या बाकावर मला सगळं ऐकू यायचं. कानाच्या बाबतीत मी नशीबवान, हे मी आयुष्यभर ज्याला त्याला सांगत आलोय.

तो गुळाचा तास आठवतो. तुम्ही विचारता, "गुळाचा भाव वाढला तर मागणीचं काय होईल?" सगळा वर्ग एका सुरात, "कमी होईल." आणि मी मागून, "वाढंल की बाई!" पोरं बाकं बडवून हसतात. माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या. भाव चढायला लागला की व्यापारी कसे पळत येतात, ते मी चुलाणाच्या उबेला बसून ऐकलेलं. तुम्ही हसत नाही. खडू पुढं करता. "काढून दाखव." मी फळ्यावर एक आडवी, एक उभी रेघ ओढतो आणि भाव कुठल्या रेघेवर लिहायचा, माल कुठल्या, तिथंच अडतो. हातातला खडू मोडतो. तुम्ही म्हणता, "ऐकलंस ते खरं आहे रे. उद्या आणखी चढेल या धास्तीनं लोक धावतात. पण ती धास्ती बाजूला काढून, इतर परिस्थिती कायम धरून रेघ कशी जाईल, ते तुला काढता येत नाही. तुला कळलंय, दुसऱ्याला कसं पटवशील? बस खाली." मला ते फार लागलं. त्याच आठवड्यात मी गणित सोडून त्याच्या जागी एस.पी., म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, घ्यायला निघालो होतो. पत्रव्यवहार, सभांची टिपणं, पाठ करून सुटायचं. माझं म्हणणं, मला अर्थशास्त्र आवडतं, गणिताचा त्यात काय संबंध?

मग पुढच्या शनिवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात ती आलेखवही उघडली गेली. स्टोव्हवर आमटी, पाटावर मी. तुम्ही पळीनंच दाखवत होता, ही रेघ खाली का आली, ही सबंध उजवीकडे का सरकली. मी धीर करून विचारलं होतं, "बाई, अर्थशास्त्राला गणित लागतं तरी किती?" तुम्ही आमटी ढवळता ढवळता म्हणालात, "शाळेत? टक्के, सरासरी आणि रेघ कुठून कुठं चाललीय ते ओळखणं. एवढंच. पण एवढं न घाबरता. पुढं शिकणार असशील तर मात्र पुष्कळ लागेल, म्हणून दार आत्ताच लावून घेऊ नकोस." आणि माझा विषय बदलायचा अर्ज तुम्ही चार घड्या घालून गरम भांडं उतरवायला घेतलात.

हे सगळं आज का वर आलं, तर माझ्या पोरीमुळं. अकरावी कॉमर्सला आहे, अर्थशास्त्रातच पुढं जायचं म्हणते आणि गणित सोडायचं म्हणते. दहावीला गणितात जेमतेम तरली, तेव्हापासून त्या विषयाचं नाव काढलं की तिचं तोंड उतरतं. विषय बदलायचा शेवटचा दिवस काल होता. परवा रात्री जेवताना ठिणगी पडली.

"अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बघा पप्पा, त्यात गणित आहे कुठं?"

"पुढं कॉलेजात गेलीस की लागतंय. तवा काय करशील?"

"तुम्हाला कुठं लागलं? गेल्या महिन्यात सत्कारात माइकवर कोण बोललं? 'मला गणितात गती न्हाय, मी कानावर फौंड्री उभी केली.' टाळ्या घेतल्यासा की!"

मंडळी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "घ्या आता. आणि माइक धरा." मी ताट सरकवून उठलो. पोरगी खोलीत गेली आणि कडी घातली.

कानावर फौंड्री ही बढाई मी तीस वर्षं मिरवली, बाई. शिरोलीला माझ्या शेडमध्ये साच्यात ओतलेलं कास्टिंग साफ होऊन आलं की दोरीला टांगून त्यावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. अंगात तडा नसेल तर ते घंटेसारखं वाजत राहतं, तडा असेल तर आवाज जागीच बसतो. हा ठोका मी दुसऱ्याला मारू देत नाही. पण गेल्या पंधरवड्यात माझ्या कानानं पास केलेला माल तडे घेऊन परत आला. मी गाडीवाल्यावर खापर फोडलं, माल आपटत नेला म्हणून. मंडळीनं मात्र गुपचूप राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं कालची सकाळ ठरवून टाकली आणि पोरीला माझ्याबरोबर धाडलं. दोघं एका गाडीत. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत विषय बदलायचा अर्ज. दवाखान्यातून थेट कॉलेजवर सोडायचं, असं तिनं आईमार्फत मला कळवलेलं.

डॉक्टरांकडं एक काचेची खोली असते. कानांवर जाड टोप्या चढवतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. मी सरसावून बसलो. सुरुवातीला घुमल्यासारखे आवाज आले, दाबलं, दाबलं. मग शांत. मी वाट बघतोय. काचेपलीकडं तपासणारी मुलगी एकामागून एक कळा फिरवतेय. मी ओरडून सांगितलं, "ताई, मशीन बंद पडलं बगा तुमचं!" ती माझ्याकडं बघेना. तिनं माझ्या पोरीकडं बघितलं. आणि पोरीनं मान खाली घातली. मी टोप्या उतरवून ठेवल्या.

बाहेर आल्यावर हातात कागद दिला. डॉक्टर आतल्या पेशंटात अडकलेले. कागदावर चौकटी, एक आडवी, एक उभी रेघ आणि मधून खाली घसरत गेलेला एक धागा. मी तो उलटा धरला होता. पोरीनं माझ्या हातातून घेतला आणि परवापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"हे बघा. आडव्या रेघेवर डावीकडनं उजवीकडं आवाज बारीक होत जातोय. उभीवर तो किती मोठा करावा लागला ते. पण हे आकडे वरून खाली वाढत जातात, उलटे, फसू नका. इथंपर्यंत रेघ सपाट आहे, म्हणजे जाड आवाज तुम्हाला येतोय. इथनं एकदम उतार. निम्म्याहून जास्त बारीक आवाज तुम्हाला येतच नाहीत, पप्पा. म्हणून चांगलं कास्टिंग आणि तडकलेलं, दोन्ही तुम्हाला सारखीच ऐकू येत असणार."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? दिसतंय की."

मग तुमचं वाक्य जसंच्या तसं तिला म्हणून दाखवलं, आमटीसकट. टक्के, सरासरी, रेघ कुठून कुठं चाललीय ते ओळखणं, आणि न घाबरता. "आत्ता यातलं काय राहिलं सांग," म्हटलं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत. भिंतीवरचं घड्याळ पुढं चाललेलं, कॉलेजचं ऑफिस दुपारी बंद होणार.

"एक खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सोडलं होतं गणित?"

"न्हाय. बाईंनी सोडू दिलं न्हाय."

"मग माइकवर खोटं बोलता होय?" आणि मी काही म्हणायच्या आत, "बरं, ऐका. तुम्ही कानात मशीन घाला, मी गणित ठेवते. हाय कबूल?"

मशीन घालून शेडमध्ये उभा राहिलेला मी, ठोका मारणारा मी, कामगारांच्या नजरा, सगळं एका क्षणात समोर आलं. मी म्हटलं, "आधी तू ठेव." ती म्हणाली, "आधी तुम्ही आत जा." माझीच पोरगी. डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा ती उठून दारापर्यंत आली, मी परत फिरू नये म्हणून. मशीन कानात बसलं आणि पहिला आवाज आला तो कागद फाडल्याचा. अर्ज होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुमच्या लेकाचा पत्ता आहे माझ्याकडं, पण हे त्याच्यासाठी नाही. शेडमधल्या टेबलाच्या खणात राहील. फक्त सुरुवातीला मी 'एकही शब्द हरवलेला नाही' असं जे लिहिलं ते खोडायला हवं होतं आणि खोडवत नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला आलो होतो. तुम्ही माझा हात धरून, अगदी हळू, बराच वेळ काहीतरी सांगितलंत आणि मी "होय बाई, होय बाई" करत मान हलवत होतो.

मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.