मायच्या जिभेचा दोष

१८ मे १९८५
बंगलोरहून पत्र. शेवटच्या चौघांत माझं नाव. अमेरिकेच्या यानातून आपला उपग्रह सोडायचा, सोबत आपला एक इंजिनिअर पाठवायचा, म्हणून मागच्या वर्षी जाहिरात आली होती. कारखान्यात सगळ्यांना सांगत आलो की अर्ज गंमत म्हणून केला. साफ खोटं. सातवीपासून दुसरं काही मागितलं नाही.
सुमन म्हणाली, वरून आपलं मावल्यातलं कारखान्याचं क्वार्टर दिसेल का हो? नाही म्हटलं तर हिरमुसली. लग्नाला चार वर्षं झाली, अजून बायकोशी खोटं बोलता येत नाही मला.

१२ जून
बंगलोर. दिवसभर तपासण्या. खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. बाजूच्या पुणेकराला वांती झाली, मला नाही. बरं वाटलं, लपवत नाही. मग बंद खोलीत कानाला डबे लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. दाबलं. बाकी झकास. घरची चौकशी होईल म्हणाले, मग निकाल.

६ जुलै
माय गावाहून आली. तलमडुगूची बस, डोक्यावर वांग्यांची पाटी, आणि तोंड भरून बातमी. चौकशीचा माणूस येऊन गेला. त्याला बाजेवर बसवलं, चहा दिला. आळीतल्या सगळ्या बाया गोळा झालेल्या. त्यानं हिंदीत विचारलं, लडका कैसा है?
माय म्हणते, "इतक्या बायांच्या म्होरं मी तुहं बरं सांगू का? म्या म्हटलं, कायचा हुशार जी, लहानपणी त्याले मिरगी येत होती, दोन डाव डोळे पांढरे केले, अजूनबी डोस्कं ठिकानावर नाही."
मिरगी! म्हणजे फेफरं. मला आयुष्यात एकदा ताप चढला होता. पण परक्यानं लेकराचं विचारलं की त्याची नालस्ती करायची, म्हणजे दृष्ट लागत नाही. गावातली प्रत्येक बाई हेच करते. माझ्या मायनं जरा जास्त मन लावून केलं.
विचारलं, तो काय म्हणाला? म्हणाली, काही नाही, समदं लिवून घेतलं, लय चांगला माणूस.
वांगी तशीच पडून आहेत.

२ ऑगस्ट
नाही. दोन ओळींचं पत्र, कारण दिलेलं नाही. मला कारण कशाला सांगायला हवं?

४ ऑगस्ट
रविवार. गावी गेलो. माय कापसाच्या पऱ्हाटीत निंदत होती. बांधावर उभा राहूनच सांगितलं, "माय, तुह्या जिभेनं खाल्लं मले." तिला आधी कळलं नाही. मग मिरगी म्हणजे काय, असल्या माणसाला तिथं का घेत नाहीत, ते नीट समजावून दिलं. ती खाली बसली. हातातलं खुरपं तसंच. मी पाणीसुद्धा न पिता परतलो. बसमध्ये झोप छान लागली.

१५ नोव्हेंबर
दिवाळीला माय इथंच. कारखान्यातले तिघं-चौघं सहकुटुंब फराळाला आलेले. कुणीतरी अंतराळाचा विषय काढला. मी मायला बाहेर बोलावलं. म्हटलं, सांग यांना, तू त्या माणसाला काय सांगितलं ते. तिला वाटलं टळेल. मी म्हटलं, सांग, पुरं सांग. तिनं सांगितलं. डोळे पांढरे केले इथपर्यंत. लोक हसले. काय करतील, यजमान हसतोय म्हटल्यावर.
सुमन नंतर म्हणाली, "तुमी माणूस आहात का?" करंज्या चांगल्या झाल्या होत्या.

२९ जानेवारी १९८६
सकाळच्या बातम्या. अमेरिकेचं यान उडाल्या उडाल्या आकाशात फुटलं. सात जण गेले. दिवसभर भट्टीजवळ उभा होतो, कुणी काय विचारलं आठवत नाही.

९ फेब्रुवारी
गावात माय आता शहाणी ठरली आहे. तिच्या जिभेनं लेक वाचला म्हणे. मारुतीला नारळ फोडला तिनं, खोबरं घेऊन दारात आली. चेहरा सहा महिन्यांनी उघडलेला. "देवानंच मह्या तोंडून वदवलं, बाबू."
मी तो उघडा राहू द्यायला हवा होता. एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. मी म्हटलं, त्या सात जणांनाही माय होती, तू त्यांच्या मरणावर नारळ फोडलास. आणि माझी पाळी त्या यानात नव्हतीच. खोबरं तिनं परत पदरात बांधलं.

३ ऑगस्ट १९८७
आपला माणूस वर पाठवायचं सगळं गुंडाळलं असं कळलं. आमच्यातून घेतलेले दोघंही, एक जाणारा आणि एक राखीव, ऑफिसात बसतात, एक म्हणे फायली सांभाळतो. म्हणजे मी निवडला गेलो असतो तरी आज जमिनीवरच. हे मायला कळवण्याचं काही कारण दिसत नाही.

२१ मार्च १९८९
हे लिहावं की नाही. लिहितो.
कारखान्यात कामगारांचे कान तपासायला डॉक्टर आले. हवाई दलातून निवृत्त. मला पाहून म्हणाले, तुम्ही पंचाऐंशी साली बंगलोरला होतात ना? ती बंद खोली त्यांचीच होती. सहज बोलून गेले, "आप तो उसी दिन कट गए थे. लेफ्ट इयर." मी म्हटलं, चौकशी तर नंतर झाली. ते हसले. म्हणाले, चौकशीचे कागद आधीच निघालेले होते, ते आपल्या वाटेनं गेले असतील. निकाल त्याच संध्याकाळी लिहिला होता, चौकशीचा अहवाल कुणी उघडलासुद्धा नाही.
मग विचारलं, तिशीत डावा कान इतका कसा गेला? मी दाखवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. बेअरिंग बिघडत असेल तर आधी कानाला कळतं. नऊ वर्षं असंच करतोय. नवी पोरं मला गुरू मानतात. कानात घालायचे बोळे कारखान्यानं दिलेले, टेबलाच्या खणात पडून आहेत, पाकीटही फोडलेलं नाही.

४ एप्रिल
रविवारी गावी जाऊन सांगणार होतो. गेलो नाही. बस होती, वेळ होता.
सुमनला मात्र सांगितलं. तिनं तव्यावरची पोळी उतरवली. मग, "तुमी सांगता का मी सांगू?" मी म्हटलं, माझ्या मायचं मी बघीन, तू तोंड उघडायचं नाही. उघडलं नाही तिनं. माझ्याशीही नाही, आठवडाभर.
खरं कारण लिहून ठेवतो. मायला सांगितलं की बांधावरचं, दिवाळीचं, नारळाचं, सगळं माझ्या एकट्याच्या अंगावर येतं. आत्ता निदान अर्धं तिचं आहे.

१७ जुलै १९९१
माय इथं आहे. आमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, सहज मायला विचारलं, नात काय म्हणते आजी? मायनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि आत निघून गेली. बाईंना वाटलं, म्हातारीचं काही बिनसलंय. सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचत होतो. तीच ओळ चार वेळा.

२ सप्टेंबर १९९३
गावचा भाऊबंद भेटला नेरडीगोंड्याच्या स्टँडवर. म्हणाला, काकू आजकाल कोनाशीच बोलत नाहीत जी, काऊन ते समजत नाही. मी म्हटलं, वय झालं.

१० जानेवारी १९९४
मायला मोतीबिंदूसाठी आणलं. उद्या डोळा. आज दुपारी तिच्याजवळ बसून सांगून टाकलं. कान, स्क्रू ड्रायव्हर, डॉक्टर, तोच दिवस, सगळं. चौकशीचा कागद कुणी वाचलासुद्धा नाही म्हटलं. हेही सांगितलं की मला पाच वर्षांपासून माहीत आहे.
ती हसली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "तू मायचं मन राखून राह्यला, बाबू. मले समजत नाही का? पन लय चांगलं केलं. आता डोया गेला तरी चालते."
मी म्हटलं, माय, हे खरं आहे. ती म्हणाली, हो रे, खरं आहे. लहान पोराला म्हणतात तसं.

१६ जानेवारी
डोळा ठीक. पट्टी निघाली.
माय क्वार्टरच्या ओळीत घरोघर जाऊन आली. आठ वर्षांनी बोलते आहे. सगळ्यांना एकच सांगते, माझ्या लेकानं माझा दोष आपल्या अंगावर घेतला, असा लेक कुणाला मिळत नाही. दृष्ट लागेल याचीही पर्वा नाही तिला. शेजारचे फोरमन मला हात जोडून म्हणाले, साहेब, आईशी असं वागावं. मी हातही जोडले परत.
सुमनला म्हटलं, तू तरी सांग तिला, तुझं ऐकेल. ती म्हणाली, "काय सांगू? तुमी वाईट आहात म्हणून? तिला आता कुठं बरं वाटून राह्यलं."

१७ जानेवारी
माय उद्या गावी जाते. दहाची बस. मी सोडायला जाणार आहे, तासाभराचा रस्ता. त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता शोधतो आहे सकाळपासून, त्यांच्या हातचं दोन ओळींचं पत्र आलं तर वाचून दाखवता येईल. सापडला तर लिहीन. माय आत सुमनला सांगते आहे की मला लहानपणी कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही.