पाचवा निकाल

हलापा,
गुरुवार, १४ मार्च २०१९

प्रिय एदुविखेसताई,

सप्रेम नमस्कार. आईचा खोकला कमी झाला का? रविवारी माझ्यावर फोन आपटलास, तरी कोंबडीचा मोले रस्सा पाठवलास, म्हणजे राग पोटापर्यंत गेलेला नाही.

तू म्हणालीस, "तिघा न्यायाधीशांत तू एक आहेस. त्या तोमासाला दमडी मिळता कामा नये." आईशी काडीमोड घेतल्यावर बाबा वीस वर्षं तोमासाबरोबर राहिले, लग्नाविना. ते गेले, आणि पेन्शन कचेरीने तिला हाकललं. ऐकून मलाही आधी बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण आमच्याकडे एकट्या निकालाने कुणी बांधलं जात नाही. ओळीने पाच निकाल सारखे, तेही तिघांच्या एकमताने लागले, तरच खालच्या न्यायाधीशांना तो नियम पाळावा लागतो. मध्ये एक जरी उलटा गेला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा बिनलग्नाच्या बायकांच्या बाजूने आम्ही चार दिले होते. तोमासाचा पाचवा.

आज फाइल पुकारली आणि मी उठले. म्हटलं, "मयत माझे वडील. मला बसता येणार नाही." आपण आईचं आडनाव लावतो, त्यामुळे गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. अध्यक्ष पुटपुटले, "पाचव्यालाच बरे वडील आठवले!" माझ्या जागी बदली न्यायाधीश म्हणून बाल्तासार बसले. लग्नाचा कागद नाही तर हक्क नाही, हे त्यांचं पालुपद सगळ्या कचेरीला पाठ आहे.

बाहेरच्या बाकावर तोमासा होती. म्हणाली, "चाल अगदी त्यांचीच आहे गं तुझी."

उगाच लांबण लावतेय. मला आईबद्दल बोलायचंय. फिदेलकाकांबरोबर ती अठरा वर्षं राहिली, लग्न कुठे झालं होतं? ते गेल्यावर त्यांची साखर कारखान्याची पेन्शन आईला नाकारली, हे तू माझ्यापासून का लपवलंस? आईनेच सांगितलं परवा, रडत. अगं, ज्या फासाने तू तोमासाचा गळा आवळायला सांगत होतीस, त्याच फासात आईचाही गळा होता. म्हणूनही मला तिथे बसणं शक्य नव्हतं.

शेवटी दार उघडलं. एकमत. बाल्तासार बाहेर येऊन माझ्यावरच डाफरले, "मला पटलेलं नाही हं. पण चौघींना दिलं, मग या पाचवीला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

तर आईचा अर्ज सोमवारी घालू. आता खालच्या न्यायाधीशाला नाही म्हणता यायचं नाही. फक्त एक आहे. नियमाखाली पाचही बायकांची नावं छापतात. आईच्या अर्जात तो नियम उतरवताना तोमासाचं नाव लिहावं लागेल, आणि त्याखाली आईने सही करायची. तिला तू सांगतेस की मी येऊ?

तुझी, आणि आज चारचौघांत सांगून बसले म्हणून बाबांचीही,
कासिल्दा